'नाही' या उत्तराची तपासणी

प्रबंधांच्या मसुद्यांत एक वाक्य वारंवार भेटते : 'हा शब्दप्रयोग या काळातील गद्यात आढळत नाही.' वरवर साधे दिसणारे हे वाक्य प्रत्यक्षात फार मोठे धाडस करत असते. एखादा शब्द आढळतो असे म्हणायला एक पान पुरते. आढळत नाही असे म्हणायला सगळी पाने पाहिलेली असावी लागतात. पूर्वी ती पाने माणूस पाहत असे, आणि त्याचे 'नाही' हे त्याच्या डोळ्यांचे, चिकाटीचे आणि थोडेफार त्याच्या झोपेचेही 'नाही' असे. मार्गदर्शक त्याला विचारू शकत असे, 'नक्की पाहिलेत का?' आता आपण शब्दसूचीला विचारतो, ती क्षणार्धात 'शून्य नोंदी' असे सांगते आणि आपण ते शून्य जसेच्या तसे प्रबंधात उतरवतो. हे शून्य कसे तयार होते, ते कोणी म्हटले आणि कोणत्या आधारावर, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा. मला तो सर्व्हरच्या दुरुस्तीने विचारायला लावला.

आमच्या विभागाची एक शब्दसूची आहे. जुन्या नियतकालिकांतला निवडक मजकूर विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी वर्षानुवर्षे टंकून काढला, आणि कोणता शब्द कोणत्या अंकात, कोणत्या पानावर येतो याची नोंद लिनक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरवर साठवली. सर्व्हर संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो. पण त्यातला मजकूर देवनागरी असल्यामुळे त्याच्याविषयीची प्रत्येक तक्रार मराठी विभागाकडे येते. त्या निमित्ताने यंत्रणा सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून चार आज्ञा मीही शिकले. यंत्राने लिहिलेल्या नोंदवह्या वाचणे हे काम आपल्या कामापेक्षा फार वेगळे नाही, असे तेव्हापासून वाटत आले आहे. तिथेही मजकूर असतो, त्याला लेखक असतो, आणि लेखकाने काय लिहिले याइतकेच त्याने काय लिहिलेले नाही हेही महत्त्वाचे असते.

२

२०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हरची जुनी प्रणाली काढून नवी बसवण्यात आली आणि त्याच सुमारास दोन इमारतींमधली जोडणीही बदलली. सुट्टी संपल्याच्या पहिल्याच दिवशी तक्रार आली की शब्दसूची संथ झाली आहे. विशेष असे की सगळ्यांना आणि सगळीकडे ती संथ नव्हती. शोधाची चौकट चटकन उघडे, एखाददुसरी नोंद असलेला शब्दही लगेच मिळे. मात्र शेकडो नोंदींचा शब्द विचारला की पान अर्धवट उघडून तिथेच थांबे.

अशा वेळी पहिली आज्ञा दिली जाते ती 'पिंग'. माइक मूस या अमेरिकन अभियंत्याने डिसेंबर १९८३मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव दिले गेले. दूरच्या यंत्राला एक हाक द्यायची आणि 'ओ' यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. आमच्या सर्व्हरने प्रत्येक हाकेला तत्परतेने ओ दिली, एकही हाक वाया गेली नाही. पिंगच्या म्हणण्यानुसार सर्व काही ठीक होते.

पिंग खोटे बोलत नव्हते. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देत होते. लिनक्सवर पिंगच्या हाकेत मजकूर असतो तो मुळात ५६ बाइटचा, म्हणजे एखाद्या चिठ्ठीएवढा. शेकडो नोंदींचे पान मात्र नेहमीच्या जाळ्यावर १५०० बाइटपर्यंतच्या पाकिटांत भरून पाठवले जाते. दोन इमारतींमधल्या नव्या जोडणीत प्रत्येक पाकिटावर आणखी एक वेष्टन चढत होते, त्यामुळे पूर्ण भरलेली पाकिटे वाटेतल्या एका दारातून जाईनात. दाराशी असलेल्या यंत्राने अशा वेळी 'पाकीट मोठे आहे, लहान करून पाठवा' असा निरोप पाठवणाऱ्याला द्यायचा असतो. तो दिलाही जात होता. परंतु सुरक्षेसाठी बसवलेली भिंत असे सगळेच निरोप अनाहूत समजून गिळत होती. पाठवणारा वाट पाहून तेच पाकीट पुन्हा पाठवी, ते पुन्हा अडे. सहकाऱ्यांनी पिंगलाच १४७२ बाइटचा मजकूर देऊन आणि तो वाटेत तोडायचा नाही अशी अट घालून हाक मारायला लावली, तेव्हा पिंग गप्प झाले. (ही संख्या विचित्र वाटते, पण मजकुरावर पत्ता वगैरेचे २८ बाइट चढले की ते बरोबर १५०० होतात.) निरोपांना वाट करून दिल्यावर पाने पुन्हा भराभर उघडू लागली.

मधल्या काळात संशय हार्ड डिस्कवरही गेला होता. आजच्या डिस्का स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवतात : किती खराब जागा बदलून घेतल्या, किती जागा वाचता येत नाहीत, तापमान किती, किती तास काम केले. आमच्या डिस्कने स्वतःला निरोगी म्हटले होते. त्या निमित्ताने वाचनात आलेली एक गोष्ट मनात राहिली. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराची जी चार ठळक लक्षणे त्यांना आढळली, त्यांपैकी एकही लक्षण न दाखवता बंद पडलेल्या डिस्का एकूण बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक होत्या. म्हणजे लक्षण दिसले तर काळजी करावी हे खरे, पण लक्षण दिसले नाही म्हणून निश्चिंत व्हावे हे खरे नाही. असण्याचा पुरावा आणि नसण्याचा पुरावा यांचे वजन सारखे नसते, हे आपण प्रक्षेपांच्या चर्चेत वर्गात शिकवतो. तेच इथे टक्केवारीत मांडलेले होते.

संथपणाचा हा दोष आठवड्याभरात निघाला, कारण तो बोलका होता. पान उघडत नाही म्हणून माणसे चिडतात, आणि चिडलेली माणसे तक्रार करतात. त्याच सुट्टीत शब्दसूचीत दुसरा एक दोष शिरला होता. त्याच्याविषयी तीन महिने कोणीही तक्रार केली नाही, कारण त्याने कोणालाही थांबवले नाही. तो अतिशय वेगाने चुकीचे उत्तर देत होता.

३

फेब्रुवारी २०२०मध्ये एक विद्यार्थिनी आपल्या प्रकरणाचा मसुदा घेऊन आली. विषय होता जुन्या निबंधगद्यातील जोडशब्द. तिचे निरीक्षण लक्षवेधी होते : काही जोडशब्द त्या गद्यात सर्रास दिसतात, तर बोलीत आणि घरगुती व्यवहारात रुळलेले काही जोडशब्द मुळीच दिसत नाहीत. यावरून तिने एक अनुमान काढले होते की निबंधकारांनी घरगुती भाषा लेखनाबाहेर ठेवली. अनुमान मांडणी म्हणून सुबक होते, आणि तसे काही निघाले असते तर ते महत्त्वाचेही ठरले असते.

"मॅडम, 'मीठ-भाकर' एकदाही नाही," ती म्हणाली. "तीनदा पाहिले."

'मीठ-भाकर' मी त्याच मजकुरात वाचल्याचे मला आठवत होते. पान डोळ्यांसमोर होते. स्मरण हा पुरावा नव्हे, म्हणून जुना अंक काढला. शब्द होता. टंकलेल्या मजकुरातही तो होता, अगदी तसाच, मधल्या आडव्या रेघेसह. फक्त शब्दसूची 'शून्य नोंदी' म्हणत होती.

सहकाऱ्यांनी आधी तीच आज्ञा पुन्हा दिली : शून्य. मग डेटाबेसला सांगितले की अनुक्रमाचा उपयोग करू नकोस, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळे वाच. या वेळी बराच वेळ लागला आणि 'मीठ-भाकर' सापडला. एकाच यंत्राला, एकाच मजकुराविषयी, एकच प्रश्न दोन रीतींनी विचारला आणि दोन उत्तरे आली. आणखी शब्द तपासले. आडवी रेघ असलेले काही शब्द सापडत होते, काही सापडत नव्हते. रेघ नसलेले बहुतेक शब्द सुखरूप होते. काही जोडशब्दांची तर दोनदा स्वतंत्र नोंद झालेली होती, आणि एक शब्द एकदाच नोंदवायचा हा शब्दसूचीचा मूलभूत नियम आहे. सुट्टीनंतर टंकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शब्द भरला, यंत्राने 'असा शब्द आधी आहे का?' म्हणून पाहिले, त्याला तो दिसला नाही, आणि त्याने नवी नोंद केली.

४

कारण समजून घेण्यासाठी 'लायब्ररी' या शब्दाकडे वळावे लागते. आपल्याला त्या शब्दाने ग्रंथालय आठवते. संगणकात त्याचा अर्थ अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायच्या तयार कृतींचा संच असा आहे. दोन शब्दांत आधी कोणता, नंतर कोणता हे ठरवण्याची कृती प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही, तो ती प्रणालीच्या सामायिक लायब्ररीकडून करून घेतो. लिनक्सवर या पायाभूत लायब्ररीला ग्लिबसी म्हणतात. १ ऑगस्ट २०१८ रोजी तिची २.२८ ही आवृत्ती आली आणि तीत शब्दांचा क्रम लावण्याचे नियम एका आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे नव्याने बसवण्यात आले. बदल जाहीर होता आणि सुधारणाच होती. जगातल्या अनेक लिपींचा क्रम त्यामुळे अधिक नीट लागू लागला.

या बदलांतला एक आडव्या रेघेविषयी होता. जुन्या नियमांत शब्दांची तुलना करताना रेघेकडे आधी दुर्लक्ष केले जाई. नव्या नियमांत रेघ हे स्वतःचे स्थान असलेले चिन्ह झाले आणि ते अंक व अक्षरे यांच्या आधी बसते. बदल झाला आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटीही प्रचलित आहे : '११' आणि '१-१' या दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहून त्यांचा क्रम लावायला सांगायचा. जुनी लायब्ररी '११' आधी ठेवते, नवी '१-१' आधी ठेवते.

आता डेटाबेसची शोधण्याची रीत पाहू. आपण शब्दकोशात शब्द शोधताना पहिल्या पानापासून वाचत नाही. मधले पान उघडतो, आपला शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहतो, उरलेल्या भागाचे पुन्हा मधले पान उघडतो. डेटाबेसची अनुक्रमणिका याच तत्त्वावर चालते, म्हणून लाखो नोंदींतून ती काही पावलांत इष्ट ठिकाणी पोहोचते. या सगळ्याला एक गृहीत लागते : कोश लावणाऱ्याची आणि शोधणाऱ्याची वर्णमाला एकच असली पाहिजे.

ते गृहीत मोडले तर काय होते, हे मराठी माणसाला 'ळ'वरून चटकन कळेल. आपल्या शाळेच्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल नंतर, व च्या आधी आहे. एखाद्या वाचकाची वर्णमाला रातोरात तक्त्याप्रमाणे झाली आणि हातातला कोश मात्र शाळेच्या क्रमाने लावलेला असला, तर तो ल नंतरचे पान उघडेल, तिथे ळ नाही असे पाहील आणि प्रामाणिकपणे म्हणेल, 'हा शब्द या कोशात नाही.' कोश शाबूत आहे आणि वाचकही जाणता आहे. कोणीही चुकलेले नाही, म्हणून यंत्राच्या नोंदवहीत चुकीची एक ओळही नाही. काही शब्द सापडत होते आणि काही नाही, त्याचेही कारण हेच : काहींच्या बाबतीत जुनी व नवी वाट योगायोगाने एकाच पानावर नेते, काहींच्या बाबतीत फाटा चुकतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्या जगभरच्या अनेकांना या बदलाने सावध केले. उपाय माहीतच होता. नव्या नियमाने अनुक्रमणिका पुन्हा बांधायची आणि दुहेरी झालेल्या नोंदी आधी माणसाने पाहून एक करायच्या. आमच्या शब्दसूचीत पहिले काम थोड्या वेळात झाले, दुसऱ्याला दोन आठवडे लागले.

मला सर्वांत उद्‌बोधक वाटली ती एक बारीक गोष्ट. प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररींवर अवलंबून आहे हे दाखवणारी 'एलडीडी' नावाची आज्ञा आहे. बदलाआधी ती चालवली असती तरी ग्लिबसीच्या मुख्य फाइलचे जे नाव दिसले असते, तेच बदलानंतरही दिसत होते. नाव तेच आणि जागाही तीच, पण आतला पाठ वेगळा. हस्तलिखितांवर काम केलेल्याला या अनुभवाची ओळख द्यायला नको.

५

या ठिकाणी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१९मध्ये आरंभलेले चिकित्सित आवृत्तीचे ते काम १९६६मध्ये पूर्ण झाले, आणि त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली असे संस्थेने नोंदवले आहे. १९२५पासून या कामाची सूत्रे सांभाळणाऱ्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी पाठनिर्णयाची जी शिस्त घालून दिली, तिचा एक विशेष आपण पुरेसा लक्षात घेत नाही. ती आवृत्ती 'नाही' कशी म्हणते, हा तो विशेष.

गणपतीने व्यासांचा लेखक व्हावे, ही घराघरांत ठाऊक असलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. पण ती नाहीशीही केलेली नाही, परिशिष्टात दिलेली आहे. वगळलेल्या ओळी तारांकित करून तळटीपांत ठेवल्या आहेत, आणि कोणत्या प्रतींत त्या आहेत हे तिथेच नमूद आहे. त्यामुळे संपादकाचे 'नाही' वाचकाला तपासता येते. पुढे एखादी नवी प्रत सापडली तर ते बदलताही येते. त्या नकाराला पत्ता आहे, साक्षीदार आहेत आणि अपिलाची वाट मोकळी आहे.

शब्दसूचीचे 'शून्य नोंदी' हे उत्तर यापुढे किती उघडेवाघडे आहे! कोणती प्रत पाहिली, कोणत्या वर्णक्रमाने पाहिली, सगळे पाहिले की काही पावलांत परतले, यातले काहीच ते सांगत नाही. तरी आपण त्यावर अधिक विश्वास ठेवतो, कारण ते माणसाचे नाही, आणि माणसाला येतो तसा यंत्राला कंटाळा येत नाही. यंत्र कंटाळत नाही हे खरेच आहे. पण आमची विद्यार्थिनी तीनदा शोधून तीनदा तेच शून्य घेऊन आली होती. चुकीच्या वाटेने तीनदा गेल्याने वाट बरोबर होत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही सावधगिरी अधिकच लागते. 'दऱ्या' हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसत असूनही दोन रीतींनी साठवलेला असू शकतो. एका रीतीत तिथला र साधा असतो, त्यापुढे हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असते. दुसऱ्या रीतीत तो नुक्ता असलेला ऱ असतो. डोळ्याला दोन्ही एकच; डेटाबेसला मात्र, मुद्दाम सांगितल्याखेरीज, ते दोन वेगळे शब्द. क्ष आणि ज्ञ आपल्या वर्णमालेत शेवटी बसणारी अक्षरे. युनिकोडमध्ये ती स्वतंत्र अक्षरेच नाहीत, क आणि ष, ज आणि ञ यांच्या जोडण्या आहेत. मराठीचे खास नियम दिलेले नसतील तर क्षमा क च्या घरात जाऊन बसते आणि ज्ञान ज च्या घरात. याला कोणी भाषेवरचा अन्याय म्हणू नये; तो क्रमाचा एक निर्णय आहे. मात्र निर्णय कोणता झाला आहे हे माहीत नसताना त्याच्या आधाराने भाषेच्या इतिहासाविषयी विधान करणे हा अभ्यासाशी अन्याय आहे.

६

त्या प्रकरणाचे अनुमान विद्यार्थिनीने मागे घेतले. तिला वाईट वाटले, आणि वाटावे असेच ते होते, कारण तिची मांडणी तिच्या हातून नव्हे तर तिच्या पायाखालच्या जमिनीमुळे ढासळली होती. जोडशब्द पुन्हा मोजले तेव्हा 'घरगुती भाषा लेखनाबाहेर' हे चित्र टिकले नाही. त्याऐवजी तिने एक लहान पण पक्के निरीक्षण मांडले : एकच जोडशब्द एकाच लेखकाच्या लेखनात कधी रेघेसह, कधी रेघेविना येतो, आणि ही अस्थिरता स्वतःच अभ्यासण्याजोगी आहे. पहिल्या अनुमानाइतके ते आकर्षक नव्हते, पण ते 'आहे' या प्रकारचे विधान होते. त्याला पाने होती.

त्यानंतर विभागात दोन साध्या रीती आम्ही पाळतो, आणि शब्दसूची, संहितासंग्रह, अंकीय कोश वापरणाऱ्या कोणालाही त्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली रीत साक्षीदार शब्दाची. ज्या प्रकारच्या शब्दाविषयी 'नाही' म्हणायचे, त्याच प्रकारचा एक शब्द, जो मजकुरात आहे हे छापील पान पाहून आपल्याला ठाऊक आहे, तो आधी यंत्राला विचारायचा. रेघेच्या शब्दासाठी रेघेचा, अर्ध्या ऱ च्या शब्दासाठी तसाच. साक्षीदार सापडला नाही, तर इतर कोणाच्याही गैरहजेरीला अर्थ नाही. दुसरी रीत नोंदीची. 'आढळत नाही' या शब्दांना एकटे सोडायचे नाही. कोणत्या संग्रहात, कोणत्या तारखेला, शब्द कसकसा लिहून, अनुक्रमाने की पूर्ण वाचनाने शोधला, हे एका तळटीपेत लिहायचे. चार ओळींचे काम आहे. परीक्षकांना ते कधी अतिरेकी वाटते. पण पुढच्या अभ्यासकाला तो नकार उलटून पाहता येतो.

या दोन्ही रीतींना एक तिसरी गोष्ट लागते आणि तिच्यासाठी कोणतीही आज्ञा नाही. साक्षीदार शब्द निवडायचा तर तो कोणीतरी पानावर वाचलेला असावा लागतो. यंत्राने शून्य म्हटल्यावर 'असे कसे?' हा प्रश्न ज्याच्या मनात उमटेल, असा एक तरी वाचक त्या मजकुरातून स्वतःच्या डोळ्यांनी गेलेला असावा लागतो. सगळे अंक संगणकावर आल्यावर ते मुळातून वाचायचे कशाला, असे विद्यार्थी अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भाविकपणे देण्याची गरज नाही. शब्दसूची चुकते तेव्हा ती चुकली हे कळण्याचा दुसरा मार्ग अजून तरी नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे.